आपल्या सभागृहात ‘बनगरवाडी’ दाखवा : ग्रंथालयांना खुले पत्र

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांचे पदाधिकारी आणि ग्रंथपाल यांस,

सादर नमस्कार.

मी गेली एकतीस वर्षे सांगलीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचा सभासद आहे. बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तर माझी संध्याकाळ बहुतेक तिथल्याच वाचनकक्षात जाते. हे पत्र मी एका विनंतीसाठी लिहीत आहे. ज्या मराठी कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले आहेत, ते चित्रपट आपल्या ग्रंथालयांनी आपल्या सभागृहात रीतसर परवानगी घेऊन दाखवावेत, त्याआधी ती कादंबरी सभासदांच्या हाती फिरती ठेवावी आणि चित्रपट संपल्यावर सभागृहाला लगेच कुलूप न लावता लोकांना तासभर बोलू द्यावे, एवढीच ती विनंती आहे. ती करण्यामागे गेल्या डिसेंबरातली एक संध्याकाळ आहे, आणि ती सविस्तर सांगितल्याशिवाय माझे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचणार नाही.

आमच्या ग्रंथालयात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या दोन प्रती आहेत. त्यातली जुनी प्रत मी दरवर्षी एकदा घरी नेतो. काही वर्षांपूर्वी ती परत करायला गेलो, तेव्हा देवघेवीच्या खिडकीशी एक गृहस्थ तिचीच वाट पाहत उभे होते. नवी प्रत जागेवर होती, तरी त्यांना जुनीच हवी होती. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर बोट ठेवून ते मला म्हणाले, “यातल्या निम्म्या तारखा तुमच्या दिसतात, निम्म्या माझ्या आहेत.” तेव्हापासून आमची मैत्री आहे. मी त्यांना गुरुजी म्हणतो, आणि या पत्रातही तेवढेच म्हणणार आहे. त्यांचा जन्म खानापूर तालुक्यातल्या एका धनगर कुटुंबातला. प्राथमिक शिक्षक म्हणून त्यांच्या नोकरीची पहिली सात वर्षे आटपाडीकडच्या एका एकशिक्षकी शाळेवर गेली. ज्या कादंबरीत एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, ती कादंबरी या माणसाने कशी वाचली असेल, याची कल्पना आपण करू शकता. मी ती साहित्य म्हणून वाचत होतो. गुरुजी ती घरून आलेल्या पत्रासारखी वाचत होते.

या कादंबरीवर अमोल पालेकरांनी १९९५ साली चित्रपट केला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांची ती निर्मिती, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही तिला मिळाला. मी तो फार पूर्वी एकदा, एकट्याने, छोट्या पडद्यावर पाहिला होता आणि खरे सांगायचे तर त्यातले फारसे काही माझ्याजवळ उरले नव्हते. गुरुजींनी तो कधीच पाहिला नव्हता. पाहायला मिळाला नाही असे नव्हे, त्यांनी तो मुद्दाम टाळला होता. “माझी वाडी माझ्या डोळ्यांपुढं आहे. दुसऱ्याची वाडी बघितली की माझी पुसली जाईल,” असे ते म्हणत. आवडत्या पुस्तकाच्या वाचकाची ही भीती आपणां सर्वांना ओळखीची असेल. ती भीती खोटी नसते. कितीतरी चित्रपटांनी कितीतरी वाचकांच्या मनातली माणसे खरोखरच हलवून टाकली आहेत.

गेल्या डिसेंबरात गावातल्या एका संस्थेने हा चित्रपट दाखवायचे ठरवले, तेव्हा मी गुरुजींना जवळजवळ हट्टानेच नेले. माझ्या हातात एकच युक्तिवाद होता, आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. या चित्रपटाची पटकथा माडगूळकरांनी स्वतः लिहिली आहे. कादंबरी पुस्तकरूपाने आली १९५५ साली, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. चित्रपट आला तेव्हा अडुसष्ट. म्हणजे एकाच माणसाने एकच वाडी दोनदा सांगितली आहे, एकदा तरुणपणी आणि एकदा म्हातारपणी, आणि मध्ये चाळीस वर्षे गेली आहेत. आपण पहिले सांगणे पाठ केले आहे, तर दुसरे ऐकायला नको का, असे मी त्यांना विचारले. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र माझ्या आधी येऊन सभागृहाच्या पायरीवर बसले होते.

पहिला अर्धा तास गुरुजी अस्वस्थ होते. खुर्चीत मागेपुढे होत होते. माळ दिसला, मेंढरे दिसली, तेव्हा ते थोडे पुढे सरकले. कारभाऱ्यांच्या भूमिकेत चंद्रकांत मांढरे पडद्यावर आले, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मांढऱ्यांना आमच्या पिढीने तलवार घेतलेला देखणा नायक म्हणून ओळखले होते. त्यांचा तो वार्धक्याने रेखलेला चेहरा पाहताना वाडीच्या कारभाऱ्याचे वय आणि आपल्या सिनेमाचे वय एकाच माणसाच्या अंगावर दिसत होते. पण मास्तर पडद्यावर आला, की गुरुजी पुन्हा आखडत. चंद्रकांत कुलकर्णी यांनी ती भूमिका फार संयमाने केली आहे, त्यामुळे अडचण अभिनयाची नव्हती. ती काय होती, ते मला नंतर कळले.

चित्रपट संपला. दिवे लागले. आयोजकांनी आभारप्रदर्शन केले, चौघांचे सत्कार झाले, आणि पुढच्या पाच मिनिटांत रखवालदार खुर्च्या आवरू लागला. शंभरभर माणसे एखादे मोठे दुःख पाहून उठली होती आणि त्यांना ते कुणाशी बोलायला जागा नव्हती. आयोजकांना मी दोष देत नाही, त्यांनी चित्रपट आणला हेच पुष्कळ झाले. पण आम्ही दोघे दुचाक्या लावायच्या जागेत, एका निंबाच्या झाडाखाली जे उभे राहिलो, ते रात्री साडेअकरापर्यंत. मी जे काही शिकलो ते त्या झाडाखाली शिकलो, आणि ते सभागृहात का होऊ शकत नाही, या प्रश्नातून हे पत्र निघाले आहे.

गुरुजी म्हणाले ते असे. कादंबरीतला मास्तर ‘मी’ म्हणून बोलतो, त्यामुळे त्याला चेहरा नाही. वाचणाऱ्याने तिथे आपला चेहरा बसवायचा असतो, आणि गुरुजींनी तो चाळीस वर्षे बसवलेला होता. पडद्यावर त्या जागी दुसऱ्याचा चेहरा आला, तेव्हा आपल्याला आपल्याच शाळेतून बदलीवर काढले आहे, असे त्यांना वाटले. पण मग हळूहळू दुसरेच काही घडू लागले. पडद्यावरचा मास्तर बाहेरून दिसत होता. पांढरपेशा, कोवळा, परक्या मुलखात आलेला, ज्याला मेंढरातले काही कळत नाही असा पोरगा. तो दारातून येताना दिसत होता, म्हणजे बघणारे दाराच्या आत होते. “एवढी वर्षं मी वाडीकडं बघत हुतो,” गुरुजी म्हणाले, “आज वाडी माझ्याकडं बघत हुती.” स्वतः धनगराच्या पोटी जन्मून, वाडीवर मास्तर म्हणून गेल्यावर आपण किती परके दिसत असू, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळले, असे ते म्हणाले. आणि ते सांगताना त्यांचा आवाज नोकरीतला राहिला नव्हता, तो त्यांच्या गावचा झाला होता.

कादंबरीचा चित्रपट होतो तेव्हा नेमके काय होते, याविषयी मी थोडीफार समीक्षा वाचलेली आहे. निवेदकाचा ‘मी’ पडद्यावर ‘तो’ होतो, हे मला माहीत होते. परंतु त्या एका सर्वनामाच्या बदलाने एखाद्या माणसाचे अर्धे आयुष्य त्याला उलट बाजूने दिसू शकते, हे मला त्या झाडाखाली कळले. एकट्याने चित्रपट पाहिला तेव्हा मी त्यात कादंबरीतले काय राहिले आणि काय गेले, याची यादी करत होतो. बरोबर दुसरा वाचक असला, की ती यादी बाजूला पडते, कारण त्याच्या मनातली कादंबरी वेगळी असते आणि पडद्यावरची तिसरी.

मग बोलणे मेंढरांवर आले. ते मी इथे नोंदवतो, कारण आपल्यापैकी ज्यांची ग्रंथालये माणदेशाबाहेर आहेत, तिथे हे सांगणारा माणूस सहज मिळणार नाही. भर उन्हात माळावर झाड नसते, तेव्हा मेंढरे एकमेकांच्या पोटाखालच्या सावलीत मुंड्या घालून उभी राहतात, आणि लांबून कळपाला डोकीच नाहीत असे वाटते. ‘बनगरवाडी’ पन्नास वेळा वाचूनही उन्हात उभा राहिलेला तो बिनडोक्यांचा कळप माझ्या डोळ्यांपुढे कधी आला नव्हता, कारण मी तो पाहिलेलाच नव्हता. रात्री मेंढरे ज्या जाळीच्या कुंपणात बसवतात, त्या वाघरीचा वास कसा असतो, पावसात भिजलेले घोंगडे किती जड होते, हे गुरुजींनी सांगितले. आणि शेवटचा दुष्काळ. माझ्यासाठी तो एका उत्तम कादंबरीचा संयमी शेवट होता. गुरुजी १९७२च्या दुष्काळात नऊ वर्षांचे होते. आई खडी फोडायला जाई, शाळेत सुकडी मिळे, आणि वडील उरलेली मेंढरे घेऊन कृष्णाकाठाकडे गेले ते चार महिन्यांनी परतले, तेव्हा बरोबर अकरा होती. पडद्यावर वाडी उठून चालू लागली, तेव्हा गुरुजी रडले नव्हते हे मी पाहिले होते. ते मोजत होते, असे त्यांनी मला सांगितले. कोण निघाले, कोण मागे राहिले, किती मेंढरे.

आमचे बोलणे ऐकून हळूहळू आणखी पाचसहा माणसे जमली. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, की एवढ्याशा वाडीतल्या तालमीसाठी खुद्द राजा कसा येतो, ही लेखकाची कल्पना असावी का. गुरुजींनी तिला औंध संस्थानाविषयी सांगितले. आटपाडीचा भाग त्या संस्थानात होता. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले होते आणि १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. अशा राजाच्या मुलखात वाडीने अंगमेहनतीने तालीम उभारली, तर राजा येणे हा चमत्कार नव्हता. ती मुलगी म्हणाली, “मग हे सगळं पुस्तकात आहे?” पुस्तकात एवढे नाही, पण पुस्तक हे सगळे गृहीत धरून लिहिलेले आहे, असे गुरुजींनी सांगितले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आणि आणखी दोघे आमच्या ग्रंथालयात ‘बनगरवाडी’ मागायला आले. एक प्रत माझ्याकडे होती, म्हणून तिघांपैकी एकालाच ती मिळू शकली. मी माझी त्याच दिवशी परत केली.

चित्रपट दाखवला तर वाचक पुस्तक सोडतील, अशी शंका मी एका कार्यकारी मंडळाच्या सभेत ऐकली आहे. ग्रंथालयाचे काम पुस्तकांचे आहे, पडद्याचे नव्हे, असेही कुणी म्हणेल. त्यांना मी नम्रपणे विचारतो, की व्याख्यानमाला हे पुस्तकांचे काम आहे म्हणूनच आपण ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली ना? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून आपली वाचनालये व्याख्याने, वर्ग आणि वादसभा भरवत आली आहेत. वक्त्यासाठी आणलेला प्रक्षेपक आणि पडदा बऱ्याच ‘अ’ वर्ग ग्रंथालयांत आहे. सभागृह आहे. मुख्य म्हणजे, चित्रपटगृहाकडे नाही आणि दूरचित्रवाणीकडे नाही अशी एक गोष्ट आपल्याकडे आहे. आपल्याकडे देवघेवीची नोंद आहे. कोणत्या सभासदाने कोणती कादंबरी किती वेळा नेली, हे गावात फक्त ग्रंथपालाला माहीत असते. मला आणि गुरुजींना त्या खिडकीने एकत्र आणले. अशा किती जोड्या आपल्या नोंदवह्यांत एकमेकांना न ओळखता शेजारी शेजारी लिहिलेल्या असतील! ग्रंथपालांनी त्यांना, त्यांची हरकत नसेल तर, एका संध्याकाळी शेजारी शेजारी बसवावे.

हे करताना एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागेल. घरी पाहण्यासाठी विकत घेतलेली तबकडी किंवा घरचे वर्गणीचे खाते सार्वजनिक खेळासाठी वापरता येत नाही. त्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणून काही जुने चित्रपट त्या मुदतीबाहेर गेले आहेत, पण त्यांची पटकथा आणि गाणी यांचे हक्क स्वतंत्र आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंतचे असतात, तेव्हा तिथेही विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. लेखकाच्या हक्काची बूज ग्रंथालयाने राखायची नाही, तर कुणी? पुण्यातले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि राज्यातल्या फिल्म सोसायट्या या बाबतीत अनुभवी आहेत. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारखी संस्था १९६८पासून हेच काम करत आली आहे. त्यांना पत्र लिहावे.

पहिला चित्रपट कोणता, हे प्रत्येक गावाने आपल्या वाचकांकडे पाहून ठरवावे. मुंबईच्या ग्रंथालयांनी ‘सिंहासन’ घ्यावा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा कशी गुंफली, हे दोन्ही पुस्तके वाचलेले दहाजण जब्बार पटेलांचा १९७९चा चित्रपट पाहून उलगडायला बसले, तर एक संध्याकाळ पुरणार नाही. शाळकरी मुलांसाठी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आहे, जिच्यावरच्या सुजय डहाके यांच्या चित्रपटाला पटकथेचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणीबाणीच्या वर्षातल्या त्या नववीच्या वर्गात प्रत्यक्ष बसलेली माणसे आज साठी ओलांडत आहेत. त्यांच्या शेजारी आजच्या नववीतली मुले बसावीत, असे मला मनापासून वाटते. ठाकरांच्या जगात नेणारा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा ‘जैत रे जैत’ रायगड जिल्ह्यातल्या वाचनालयांनी का दाखवू नये? त्यातली गाणी घराघरांत आहेत, पण त्यामागची कादंबरी कपाटात आहे.

वाचन प्रेरणा दिन, १५ ऑक्टोबर, आणि मराठी भाषा गौरव दिन, २७ फेब्रुवारी, हे दोन दिवस आपण साजरे करतच असता. त्यातला एक या कामाला द्यावा. दोन महिने आधी कादंबरीच्या चारपाच प्रती घ्याव्यात, त्या आठ दिवसांच्या मुदतीने फिरवाव्यात आणि ज्यांना वाचता येत नाही किंवा आता दिसत नाही, त्यांच्यासाठी दोन दुपारी मोठ्याने वाचन ठेवावे. त्या दिवशी सत्कार नकोत. प्रमुख पाहुणेही नसले तरी चालेल. चित्रपट संपल्यावर दिवे एकदम लावू नयेत, खुर्च्या गोल करून ठेवाव्यात आणि रखवालदाराला त्या दिवसापुरता जादा तासाचा मोबदला द्यावा. निधीची अडचण मला ठाऊक आहे. अनुदान वेळेवर येत नाही, कर्मचाऱ्यांचे पगार तुटपुंजे आहेत, आणि मी सुचवतो ते काम शेवटी त्यांच्याच अंगावर पडणार आहे. म्हणून प्रतींचा आणि त्या संध्याकाळचा खर्च सभासदांनी वर्गणीने उचलावा असे मला वाटते, आणि आमच्या ग्रंथालयात त्या वर्गणीची पहिली पावती माझ्या नावाने फाडण्याची विनंती मी अध्यक्षांकडे आधीच केली आहे.

सांगली, सातारा, सोलापूर आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या ज्या ग्रंथालयाला ‘बनगरवाडी’ दाखवायची असेल, तिथे गुरुजी आणि मी स्वखर्चाने येऊ. भाषण करायला आम्ही येणार नाही, प्रेक्षकांत बसू. गुरुजी सोबत आपल्या वडिलांचे घोंगडे आणणार आहेत, ज्यांना ते हातात घेऊन पाहायचे असेल त्यांच्यासाठी. खेळ आटोपून उशीर झाला तर मुक्कामाची व्यवस्था मात्र आपल्याला करावी लागेल, कारण रात्री परतीची एसटी मिळेलच असे नाही.

आपला नम्र,
सांगलीच्या एका ग्रंथालयाचा सभासद